अर्ध्या तासात उठणारे बाळ

पत्र : माझी मुलगी साडेचार महिन्यांची आहे. रात्री दहाच्या सुमारास ती झोपते, दोनदा दुधासाठी उठते आणि सकाळी साडेसहाला जागी होते. अडचण दिवसाची आहे. दिवसभरात ती चार-पाच वेळा झोपते; पण प्रत्येक झोप ३०-३५ मिनिटांत संपते. मांडीवर थोपटून झोपवते, पाळण्यात ठेवते आणि स्वतःचे ताट वाढून घेते, तोवर ती उठलेली असते. सासूबाईंना वाटते की माझे दूध तिला पुरत नाही. शेजारच्या काकू झोळी बांधायला सांगतात. पुण्याच्या नणंदेने पैसे भरून करायचा एक ऑनलाइन कोर्स सुचवला आहे. त्यात म्हणे बाळाला रडू देऊन झोपायला शिकवतात. त्यातच नागपूरचा उन्हाळा सुरू झाला आहे. पुढच्या महिन्याच्या अखेरीस माझी बाळंतपणाची रजा संपेल आणि सासूबाई तिला सांभाळतील. झोप अशी तुटक राहिली तर तिच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होईल का? कोर्स लावावा का?
— एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर :

तुमच्या पत्रातील सर्वांत काळजीचा प्रश्न मेंदूच्या वाढीचा आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो. दिवसाची झोप तुकड्यातुकड्यांत होते, एवढ्या एका गोष्टीमुळे मेंदूच्या वाढीला धोका पोहोचतो असे समजण्याचे कारण नाही. या वयात चोवीस तासांतील एकूण झोप आणि जागेपणीचे बाळाचे वागणे, या दोन गोष्टी पाहायच्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला, दिवसाच्या झोपा धरून, १२ ते १६ तासांची झोप हवी. आता तुम्ही दिलेल्या वेळांचाच हिशोब मांडू. रात्री दहा ते सकाळी साडेसहा हे साडेआठ तास होतात. त्यातून दोन वेळा पाजण्याचा वेळ वजा केला तर साधारण आठ तास उरतात. दिवसाच्या चार-पाच डुलक्यांचे मिळून अडीच तासांच्या आसपास होतात. बेरीज साडेदहा-पावणेअकरा तासांची होते, म्हणजे खालच्या मर्यादेला तासभराहून थोडी अधिक झोप कमी पडते आहे.

ही तूट घाबरण्याइतकी नाही, परंतु ती भरून काढावी हे खरे. प्रश्न एवढाच की ती कुठून भरायची. घरातील सर्वांचे लक्ष दुपारच्या डुलक्यांवर आहे, आणि माझ्या मते नेमके तिथेच तुमचे कष्ट वाया जात आहेत. साडेचार महिन्यांच्या बाळाची दुपारची झोप लांबवणे हे अवघड काम आहे. संध्याकाळी दीड-पावणेदोन तास आधी झोपवणे त्या मानाने बरेच सोपे आहे आणि हवी असलेली झोप त्यातून बहुधा हाती लागते.

दुपारची झोप लांबवणे अवघड का, हे समजले तर तुमचा स्वतःवरचा राग थोडा कमी होईल. झोप सलग नसते, ती फेऱ्यांनी येते. मोठ्या माणसाची एक फेरी साधारण ९० मिनिटांची असते, तर तान्ह्या बाळाची ४५-५० मिनिटांची आणि कधी त्याहूनही लहान. प्रत्येक फेरीच्या शेवटी झोप पातळ होते. तुम्ही-आम्हीही त्या वेळी अर्धवट जागे होतो, कूस बदलतो, पांघरूण ओढतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्यातले काही आठवत नाही. बाळाला एका फेरीतून दुसऱ्या फेरीत जाणे अजून जमलेले नसते. शिवाय तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास झोपेची घडणच बदलते. नवजात बाळ डोळे मिटल्यावर थेट हालचालींच्या, स्वप्नांच्या झोपेत शिरते. पुढे ते मोठ्यांप्रमाणे आधी शांत झोपेत जाऊ लागते. हा बदल होत असताना पूर्वी दोन-दोन तास झोपणारे बाळही अर्ध्या तासात उठू लागते, आणि घरात दृष्ट लागल्याची चर्चा सुरू होते. मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढायची असेल तर जरूर काढू द्या, त्याने कोणाचे काही बिघडत नाही.

रात्री हीच मुलगी एका फेरीतून दुसरीत सहज जाते, मग दिवसा का जात नाही, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. रात्री अंधार असतो, झोप आणणारे मेलाटोनिन शरीरात तयार होत असते आणि दिवसभराच्या जागेपणाचा थकवा साचलेला असतो. दुपारी यांपैकी पहिल्या दोन गोष्टी नसतात आणि तिसरी अर्धीमुर्धीच असते. त्यामुळे रात्रीची झोप आधी पक्व होते आणि दिवसाची मागाहून, बहुतेक बाळांत पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर. त्या सुमारास चार-पाच डुलक्यांच्या तीन होतात, पुढे सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान तिसरीही गळते आणि उरलेल्या दोन आपोआप लांबतात. काही बाळांना याला थोडा अधिक वेळ लागतो. तुमच्या मुलीचे काही चुकलेले नाही आणि तुमचेही नाही.

म्हणून सुरुवात संध्याकाळपासून करा. आपल्याकडे उन्हाळ्यात दिवसभर दारे-खिडक्या लावून घेतलेली घरे सहा-सातनंतर जागी होतात; अंगणात पाणी शिंपडले जाते, शेजारीपाजारी येतात, घरातले पुरुष आठ-नऊला परततात आणि बाळाचे खरे कौतुक त्याच वेळी सुरू होते. दहा वाजता ते सर्वांच्या हातून फिरून, डोळे चोळत, किरकिर करत झोपते. ही वेळ एकदम दीड-पावणेदोन तास मागे आणू नका. दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटे अलीकडे घ्या आणि दोन-अडीच आठवड्यांत सव्वाआठ ते साडेआठपर्यंत या. दिवसातील शेवटची डुलकी सहा-साडेसहापर्यंत आटोपलेली असावी. सातनंतर कोमट पाण्याने अंग पुसणे, सुती झबले घालणे, दिवा मंद करणे, पोटभर पाजणे आणि एखादी अंगाई म्हणणे हा क्रम रोज तोच ठेवा. क्रम कोणता यापेक्षा तो रोज सारखा असण्याला महत्त्व आहे, कारण पुढे काय होणार हे बाळ त्यावरूनच ओळखते.

घरातून दोन हरकती येतील. पहिली म्हणजे लवकर झोपली तर पहाटे चारला उठून बसेल. पहिले तीन-चार दिवस असे होऊ शकते. एरवी संध्याकाळी थोडे लवकर झोपलेले बाळ सकाळी तेवढेच लवकर उठते असा नियम नाही, आणि फार दमून झोपलेले बाळच रात्री अधिक चाळवते. दुसरी हरकत बाबांची असेल, कारण ते परत येतील तेव्हा लेक झोपलेली असेल. ही हरकत मला पटते. त्यांना सकाळचा पाऊण तास पूर्णपणे द्या; मालीश आणि अंघोळीच्या वेळी मदतीला त्यांनी असावे आणि त्या वेळी कोणी सूचना देत उभे राहू नये.

संध्याकाळ मार्गी लागली की दोन डुलक्यांमधील जागेपणाकडे वळा. साडेचार महिन्यांच्या बहुतेक मुलांना एका झोपेनंतर दीड ते दोन तासांनी पुन्हा झोप हवी असते. हे आकडे अनुभवातून आलेले आहेत, ते पाळण्यासाठी घड्याळाकडे डोळे लावून बसू नये. बाळ खेळता खेळता तोंड फिरवते, एकटक शून्यात बघते, भुवया लालसर होतात, कानाशी हात जातो. त्या वेळी उचलावे. जांभया देऊन, पाठ ताठ करून रडू लागेपर्यंत थांबले तर उशीर झालेला असतो. उलट, तासाभरातच "दमली असेल" म्हणून थोपटायला घेतले तर पुरेशी झोप साचलेली नसते आणि अर्ध्या तासात ती ताजीतवानी होऊन उठते. दोन्हींचा परिणाम बाहेरून सारखाच दिसतो, म्हणूनच गोंधळ होतो.

हा गोंधळ सोडवण्यासाठी चार दिवस एका कागदावर तीनच गोष्टी लिहा : किती वाजता झोपली, किती वाजता उठली आणि उठताना हसत होती की रडत होती. तिसरी नोंद सर्वांत उपयोगाची आहे. डोळे उघडून पाळण्यावरच्या चिमण्यांशी गप्पा मारू लागली, तर तिच्यापुरती ती झोप पुरी झाली, मग ती २५ मिनिटांची का असेना. तिथे काहीही लांबवायला जाऊ नका. रडत, चेहरा चोळत, खांद्यावर डोके टाकत उठली, तर ती झोप अपुरी होती आणि फक्त तिच्यावरच मेहनत करायची.

मेहनत करायची तीही दिवसातील एकाच झोपेवर. त्यासाठी मी अंघोळीनंतरची झोप निवडीन, कारण आपल्या घरांतील जुन्या रीतीने ती आधीच तयार करून ठेवली आहे. मालीशवाल्या मावशी येतात, दोन्ही पाय लांब करून पाटावर बसतात, पायांवर बाळाला पालथे घेतात, पाठीवरून तेलाचा हात फिरवतात. मग कढत नव्हे पण चांगले कोमट पाणी, कोरडे पंचे, टाळूला थोडे तेल. एवढे झाल्यावर पोटभर दूध प्यायलेले बाळ आपसूकच पेंगते. अंघोळीनंतर पावडर मात्र उडवू नका, ती श्वासात जाते. शेक-शेगडी आणि धुरीही नको. बंद खोलीतील धूर एवढ्याशा फुप्फुसांना सोसत नाही.

सध्या तुम्ही तिला मांडीवर पूर्ण झोपवून मग पाळण्यात ठेवता. म्हणजे ती झोपते तेव्हा मांडीची ऊब, तुमचा वास आणि हलणे असते. अर्ध्या तासाने झोप पातळ होते तेव्हा यांतले काहीच जवळ नसते. कोणीही अशा वेळी खडबडून उठेल. या एका झोपेपुरते तिला डोळे मिटत आलेले असताना, पण अजून जाग असताना, सपाट अंथरुणावर ठेवून पाहा. एक हात छातीवर सबंध टेकवा, दुसऱ्याने कुशीला थोपटा. लय तुमच्या मांडीवरच्या थोपटण्याचीच ठेवा आणि हळूहळू ती संथ करत न्या. डोळे मिटल्यावर हात झटकन काढू नका. आधी तळव्याचा भार कमी करा, मग एकेक बोट उचला. ती रडू लागली तर उचलून शांत करा आणि पुन्हा ठेवा. दहा मिनिटांत जमले नाही तर त्या दिवशी सरळ मांडीवर झोपवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करा. निदान आठवडाभर तरी काही फरक दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका.

दुसरा उपाय झोपेच्या मध्यावर करायचा. तुमची मुलगी जवळजवळ ठरलेल्या वेळेला उठते, ही तुमच्या फायद्याची गोष्ट आहे. झोपल्यापासून २५ मिनिटे झाली की हातातले काम सोडून तिच्याजवळ जाऊन बसा. ती हलू लागेल, कण्हेल, ओठ चोखेल, कधी डोळे किलकिले करील. यातील बरेचसे झोपेतलेच असते. आपण "उठली गं" म्हणत उचलतो आणि तिला खरोखर जागे करतो. मिनिट-दोन मिनिटे नुसते बघा. चुळबुळ वाढली तर छातीवर हात ठेवा आणि ओठांनी "शूऽऽ" असा लांब आवाज करत थोपटा. पुन्हा झोपली तर उत्तम. दहा मिनिटांत झोपली नाही तर झोप संपली असे समजून हसतमुखाने उचला. अंधाऱ्या खोलीत अर्धा-अर्धा तास झोपेशी झटापट करण्याने दोघीही रडकुंडीला येतात आणि पुढच्या डुलकीची वेळही बिघडते.

बाकीच्या डुलक्या जशा होतील तशा होऊ द्या. एखादी मांडीवर, एखादी छातीशी बांधलेल्या कापडी पट्ट्यात, एखादी संध्याकाळी कडेवर फिरताना. त्याने हाताची सवय लागेल, ही भीती या वयात तरी बाजूला ठेवा. अट एकच आहे : ती अंगावर झोपलेली असेल तेव्हा तुम्ही जाग्या असल्या पाहिजेत. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला छातीवर घेऊन आईचाही डोळा लागणे फार धोक्याचे असते. पेंग येऊ लागली की तिला तिच्या अंथरुणावर ठेवा किंवा कोणाच्या तरी हाती द्या.

आता सासूबाईंच्या शंकेकडे येऊ. दूध पुरते की नाही हे दुपारच्या झोपेवरून ठरत नाही. चोवीस तासांत सहा किंवा अधिक ओले लंगोट, वजनाच्या तक्त्यावर वर जाणारी रेघ आणि पिऊन झाल्यावर सैल पडणाऱ्या मुठी, एवढे असेल तर दूध पुरते. अंगणवाडीत किंवा जवळच्या शहरी आरोग्य केंद्रात वजन करून घ्या, म्हणजे वाद राहणार नाही. पोट जड झाले की जास्त झोपेल म्हणून भाताची पेज, वरणाचे पाणी किंवा नाचणीचे सत्त्व आताच सुरू करावे असे कोणी म्हणेल. त्यासाठी सहा महिने पूर्ण होईपर्यंत थांबा. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणी असते, त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यातही सहा महिन्यांच्या आतील, अंगावर पिणाऱ्या बाळाला वरून पाणी द्यावे लागत नाही. उन्हाळ्यात ते अधिक वेळा आणि थोडे थोडे पिते, तेवढे पाजा. आणि स्वतःच्या पाण्याचा तांब्या हाताशी ठेवा. झोपण्याच्या वेळेआधी दोन-अडीच तास पाजलेलेच नसेल, तर मात्र भूक हे अर्ध्या तासात उठण्याचे कारण असू शकते. म्हणून शक्यतो उठल्यावर एकदा पोटभर पाजा आणि झोपण्यापूर्वी मागितले तर थोडे आणखी द्या.

झोळीबद्दल मी स्पष्टच लिहितो : झोपण्यासाठी ती नको. त्यात पाठीचा धनुष्यासारखा बाक होतो, हनुवटी छातीला टेकते आणि बाळाची मऊ श्वासनलिका दबते. दोन्ही बाजूंचे कापड तोंडावर येते. आणि साडेचार महिन्यांचे बाळ कुशीवर वळायला लागलेले असते, त्यामुळे धोका आणखी वाढतो. काकूंची मुले झोळीत वाढली आणि सुखरूप आहेत, हे खरे असणार. पण ज्यांच्या घरी विपरीत घडले ते शेजारी येऊन सांगत नाहीत. बाळाला उताणे झोपवावे, अंथरूण सपाट आणि घट्ट असावे, त्यावर उशी, सैल गोधडी, मऊ खेळणी काही नसावे. डोके गोल व्हावे म्हणून ठेवतात ती राईची उशीसुद्धा नको. दुपट्यात घट्ट गुंडाळण्याची सवय असेल तर वळण्याची पहिली खूण दिसताच ती बंद करा.

झोप लागावी म्हणून पोटात काही देणे तर मुळीच नको. बाळगुटी, मध, सर्दीचे सिरप, ओळखीच्या दुकानदाराने दिलेले "हलकेसे" औषध, यांपैकी काहीही नाही. मधामुळे एक वर्षाच्या आतील बाळाला बॉट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. पूर्वी आपल्या देशात तान्ह्या मुलांना अफूची गोळी देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी होती. तेव्हाची पोरे कशी शांत झोपत, या कौतुकामागे कधी कधी तीच गोळी असे.

राहता राहिला उन्हाळा, आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ४५ अंशांच्या शहरात बाळाच्या झोपेचा सल्ला थंड हवेच्या गावातून उचलून आणता येत नाही. पाश्चात्त्य सल्ल्यांत खोली गडद अंधारी आणि बंद ठेवा असे सांगतात. कूलर लावलेली खोली बंद ठेवता येत नाही. हवा बाहेर जायला दुसरी खिडकी किंवा दार उघडे नसेल तर दहा मिनिटांत सारे दमट होते आणि बाळाच्या मानेवर घामोळ्या येतात. म्हणून कूलरच्या समोरच्या खिडकीचा वरचा भाग जाड पडद्याने झाका, खालून हवेला वाट ठेवा आणि बाळाचे अंथरूण अशा भिंतीला घ्या जिथे खिडकीतला उजेड थेट पडत नाही. पूर्ण काळोखाची गरज नाही; समोरची वस्तू ठळक दिसू नये एवढे पुरे. झोप झाली की पडदे सरकवा आणि सकाळी कोवळ्या उन्हात थोडा वेळ बाहेर न्या, म्हणजे दिवस कोणता आणि रात्र कोणती हे शरीराला कळू लागते.

कूलरचा झोत थेट अंगावर नको. झोपलेल्या बाळाच्या मानेमागे दोन बोटे घालून पाहा. ओली असेल तर गरम होते आहे, गार असेल तर झोत जास्त आहे. हातापायांवरून अंदाज घेऊ नका, ते एरवीही गारच असतात. कूलरची घरघर ही मात्र बाळाच्या झोपेला मदतच करते, कारण भंगारवाल्याची आरोळी, कचरागाडीचा भोंगा आणि वरच्या मजल्यावरचे मिक्सर त्या एकसुरी आवाजात बुडून जातात. अंथरूण कूलरपासून निदान २ मीटर दूर असावे, आवाजासाठीही आणि विजेसाठीही. खरी पंचाईत लाईट गेल्यावर होते. बाळाची झोप मोडते ती उकाड्याने नंतर, आधी आवाज अचानक थांबल्याने. तुमच्याकडे इन्व्हर्टर असेल आणि त्यावर फक्त पंखा चालत असेल, तर कूलरच्या जोडीला पंखाही मंद गतीवर सुरू ठेवा. कूलर बंद पडला तरी काही आवाज आणि काही हवा उरते. टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून टाकी घासून काढा, नाहीतर तिथेच डेंग्यूच्या डासांची पैदास होते. मच्छर अगरबत्तीपेक्षा मच्छरदाणी बरी. अर्थिंगही नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, आधी तपासून घ्या, कारण कूलरला शिवून शॉक लागल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. एक सुती झबले आणि लंगोट एवढेच कपडे पुरेत. टोपडे, मोजे घरात नकोत.

तुमची रजा २६ आठवड्यांची असेल, तर तुम्ही रुजू व्हाल तेव्हा मुलगी सहा महिन्यांच्या आसपास असेल आणि झोपेचा प्रश्न बहुधा थोडा निवळलेला असेल. तरी तोवर थांबू नका. रुजू होण्यापूर्वी निदान दोन आठवडे, दिवसातील एक डुलकी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सासूबाईंकडे सोपवा आणि त्या वेळी घराबाहेर जा. शेजारच्या खोलीत बसून कान देऊ नका. बाळाला तुमचा वास आणि आवाज कळतो, आणि सासूबाईंनाही कळतो. त्यांची झोपवण्याची पद्धत तुमच्यापेक्षा वेगळी असेल, त्या कदाचित पाय हलवत ओव्या म्हणतील. बाळ दोन माणसांच्या दोन पद्धती बिनबोभाट शिकते. उताणे झोपवणे, सपाट अंथरूण, वरून काही न पाजणे एवढ्या गोष्टींवर एकमत असले म्हणजे झाले, बाकी त्यांच्यावर सोडा.

उशी आणि झोळी यांविषयी तुम्ही स्वतः सांगितलेत तर ते सुनेचे बोलणे होईल. साडेतीन महिन्यांची लस होऊन गेली आहे आणि पुढची मोठी लस नवव्या महिन्यातच आहे. म्हणून मध्ये एकदा वजनाच्या निमित्ताने बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि सासूबाईंना सोबत न्या. तपासणीच्या वेळी, "हिला कुठे आणि कसे झोपवावे?" हा प्रश्न त्यांनाच विचारू द्या. डॉक्टरांनी आजीला सांगितलेले आजी सर्वांना सांगते.

त्या भेटीची वाट न बघता डॉक्टरांकडे जावे अशीही काही लक्षणे आहेत : १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप, रोजच्यापेक्षा बरेच कमी ओले लंगोट, कोरडे तोंड किंवा खोल गेलेली टाळू, झोपेत मोठ्याने घोरणे किंवा श्वास अडकणे, पाठीवर ठेवताच दर वेळी कळवळून रडणे आणि वारंवार उलट्या, वजन न वाढणे. उन्हाळ्यात आणखी एक लक्षात ठेवा. एरवी अर्ध्या तासात उठणारी मुलगी एखाद्या दुपारी उठवूनही उठत नसेल, पिण्याचा जोर नसेल, अंग तापलेले आणि सैल वाटत असेल, तर "आज छान झोपली" म्हणून समाधान मानू नका. तिला तातडीने दवाखान्यात न्या.

तुमच्याबद्दल तुम्ही पत्रात एकच वाक्य लिहिले आहे, ते वाढलेल्या ताटाचे. ताट आधी वाढून ठेवा, मग तिला झोपवा. तीस मिनिटांत जेवण होते, भांडी होत नाहीत, ती राहू द्यावीत. दिवसातील एक डुलकी तुमच्या स्वतःच्या पाठ टेकण्यासाठी राखून ठेवा, तीही वाटाघाटीने नव्हे, ठरवून. ती झोपलेली असतानाही तुम्हाला झोप लागत नसेल, सतत रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल आणि असे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर मराठीतही विनाशुल्क बोलता येते.

कोर्स लावू नका. एकटे रडू देऊन झोपायला शिकवण्याच्या पद्धती एवढ्या लहान बाळाच्या दुपारच्या झोपेसाठी नाहीत. जे अजून शरीराने पक्व झालेले नाही ते रडण्याने लवकर पक्व होत नाही. नणंदेला मनापासून मदत करायची असेल तर तिला आठवडाभर नागपूरला बोलवा आणि रोज दुपारची एक डुलकी तिच्याकडे द्या. कोर्सचे पैसे मच्छरदाणी, जाड पडदा आणि कूलरच्या वाळ्याच्या नव्या ताट्यांसाठी वापरा.